क्रॉसरोड्स नेमका कशाने संपला? (मुंबईतल्या पहिल्या मॉलबद्दल)

ताडदेवचा_तात्या | शनिवार, रात्री ९:०५

मुंबईतला पहिला मॉल कुठला असं विचारलं की नवी पोरं फिनिक्स म्हणतात. थोडी मोठी असतील तर मालाडचं इनऑर्बिट. त्या दोन्हींच्या आधी, १९९९ साली, हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स उघडला होता, हे आता मुद्दाम सांगावं लागतं. पिरामल समूहाने १९९३ मध्ये रोश प्रॉडक्ट्स ही औषध कंपनी घेतली, तिच्या ताडदेवच्या जागेवर हा मॉल उभा राहिला. आकार जेमतेम दीड लाख चौरस फूट. आजच्या हिशोबाने एखाद्या बड्या मॉलचा एक कोपरा. पण तेव्हा नुसता सरकता जिना बघायला लोक डोंबिवली-विरारहून यायचे. 'जॅमिन'मध्ये पोरांना खेळवायचं, खाली उभं राहून छताकडे बघायचं आणि घरी जायचं.

बघणारे फार आणि घेणारे थोडे, असं झाल्यावर व्यवस्थापनाने दारावर अट घातली. मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर साठ रुपये भरून आत या. वर्तमानपत्रांतून चिक्कार बोंबाबोंब झाली. अट फार टिकली नाही, पण मुंबई ती विसरली नाही.

पुढे मॉल फ्यूचर ग्रूपकडे (बिग बझारवाले) गेला, नाव सोबो सेंट्रल झालं, मग एकेक शटर खाली येत गेलं. कोविडनंतर तर आत शुकशुकाटच. २०२४ मध्ये के. रहेजा कॉर्पच्या कंपनीने तो सुमारे ४७६ कोटींना घेतला.

माझं मत स्पष्ट आहे. ज्यांना दारावर अडवलं, त्यांच्याच जिवावर पुढे या शहरातले बाकीचे मॉल श्रीमंत झाले. क्रॉसरोड्स त्या साठ रुपयांनी मेला. तुम्हाला काय वाटतं?

मिरची_भजी | शनिवार, रात्री ९:१८

पहिली! काढा पॉपकॉर्न.

खोताची_वाडी | शनिवार, रात्री ९:३१

पन्नास रुपये होते हो, साठ नाही.

ताडदेवचा_तात्या | शनिवार, रात्री ९:४०

साठ. माझ्याकडे कात्रण आहे.

खोताची_वाडी | शनिवार, रात्री ९:४४

डकवा मग इथे.

नवा_गडी | शनिवार, रात्री १०:०२

माझा जन्म २००१ चा, त्यामुळे भोळा प्रश्न. मोबाइल दाखवून आत सोडायचे म्हणजे? मोबाइल तर सगळ्यांकडेच असतो ना?

मिरची_भजी | शनिवार, रात्री १०:०७

बाळा, तेव्हा आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे. ज्याच्याकडे मोबाइल असायचा तो शर्टाच्या खिशात अर्धा बाहेर दिसेल असा ठेवायचा आणि वाजला की कट करून पीसीओ शोधायचा. चाळीत एकाकडे फोन असला तर तो दाखवून सहा जण आत जाता येईल का, अशी चर्चा आमच्या कट्ट्यावर गंभीरपणे झालेली आहे. पेजरवाल्यांना अर्ध्या पैशात सोडावं अशीही एक सूचना होती.

भाडेपट्टी | शनिवार, रात्री १०:५५

तात्या, गोष्ट छान आहे, पण निदान चुकलं. मी मॉलच्या लीजिंगमध्ये, म्हणजे जागा भाड्याने देण्याच्या कामात, बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून धंद्याच्या बाजूने लिहितो.

मॉल चालतो तो दुकानदाराच्या भाड्यावर. साधारण करार असा असतो की दर महिन्याला किमान ठरलेली रक्कम किंवा विक्रीचे ठरावीक टक्के, यातलं जे जास्त असेल ते मालकाला द्यायचं. त्यावर कॅम, म्हणजे एसी, दिवे, सफाई, सुरक्षा यांचा खर्च वेगळा. मोठ्या दुकानाला, आम्ही त्याला अँकर म्हणतो, चौरस फुटामागे भाडं अगदी कमी लावतात, कारण तो गर्दी आणतो. ती गर्दी अँकरकडे जाता-येता मधल्या छोट्या दुकानांसमोरून फिरते आणि खरं भाडं त्या छोट्यांकडून येतं. म्हणून अँकर एका टोकाला, थिएटर सर्वांत वरती आणि फूड कोर्ट थिएटरच्या तोंडाशी. हे सगळं योगायोगाने होत नाही.

आता दीड लाख फुटांत अँकर, थिएटर आणि फूड कोर्ट बसवून दाखवा. नाही बसत. २००१ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक करातून सवलत दिली, पहिली तीन वर्षं पूर्ण माफी आणि पुढची दोन वर्षं फक्त पाव कर. त्यानंतर जो मॉल उठला तो पडदे घेऊनच उठला. क्रॉसरोड्स त्याच्या दोन वर्षं आधीचा. आणि थोड्याच अंतरावर लोअर परळला फिनिक्स वाढत गेलं. आधी बोलिंग, मग बिग बझार, मग मल्टिप्लेक्स, मग पॅलेडियम. इतक्या जवळ इतका तगडा शेजारी असला की लहान मॉलकडे ब्रँड वळत नाहीत. दारावर काय पाटी होती याच्याशी त्याचा संबंध नाही.

लालबागचे_अप्पा | शनिवार, रात्री ११:४८

भाडेपट्टी, तुम्ही फिनिक्स 'वाढत गेलं' लिहिलंत. जागा आभाळातून पडली नव्हती.

फिनिक्स मिल १९०५ ची. आमचे वडील त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका गिरणीत साच्यावर (मागावर) होते, मामा फिनिक्समध्ये बदली कामगार. सकाळच्या भोंग्याला सेनापती बापट मार्ग माणसांनी भरून जायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांनी संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच नाही, म्हणून तो आजही चालू आहे असं आमच्याकडे हसत सांगतात. हसणाऱ्यांतले निम्मे आता नाहीत.

१९९१ च्या विकास नियमावलीत कलम ५८ होतं. गिरणीने जमीन विकसित केली तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. साधारण ६०० एकर गिरण्यांची जमीन, म्हणजे शहराच्या मधोमध केवढी बाग, केवढी घरं झाली असती ते बघा. १९९६ मध्ये या जमिनींसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची समितीही नेमली होती सरकारने. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन किती असते? सगळी तर शेड. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उडवली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत उभी केली. झालं.

फिनिक्समधली ती बोलिंग ॲली कामगारांच्या करमणुकीच्या नावाखाली परवानगी काढून आली, असा आरोप तेव्हा कामगार संघटनांनी केला होता. आमच्या वाडीत त्यावर एकच विनोद चालायचा, की साचेवाल्यांना बोलिंग शिकवायला कोच कधी येणार.

मॉल कसा मेला यावर धागा काढलात, चांगलं केलंत. मॉल कशावर जगले तेही लिहा कोणीतरी.

तुळशीबागवाली | रविवार, सकाळी ८:१०

अप्पा, प्रतिसाद आवडला. वाखुसा (वाचनखूण साठवली).

पुणेकर म्हणून माझी दोन आण्यांची भर. आमच्याकडे मॉल आले तेव्हा खरा सांस्कृतिक धक्का सरकत्या जिन्याचा नव्हता. दुपारी एक ते चार दुकान उघडं असतं आणि आत गेल्यावर 'काय पाहिजे?' असं कोणी दरडावून विचारत नाही, याने आमची आजी पार गोंधळली. कोणी ओरडत नाही म्हणजे माल खराब असणार, असा तिचा निष्कर्ष होता.

बाहेरची_बाई | रविवार, सकाळी ९:३५

एक गोष्ट सगळे पुरुष आयडी विसरले आहेत. शौचालय.

मी फिरतीची नोकरी करायचे, औषध कंपनीची प्रतिनिधी म्हणून. सकाळी आठला घराबाहेर, रात्री आठला घरी. मधे बाईने जायचं कुठे? स्टेशनवरची शौचालयं जिने वापरली आहेत तिला सांगायला नको, जिने नाहीत तिला सांगून कळणार नाही. आम्ही मुली पाणीच पीत नव्हतो. मॉल झाले आणि आमच्या फिरतीचा नकाशाच बदलला. डॉक्टरांच्या भेटी अशा लावायच्या की अडीचच्या सुमारास कुठल्यातरी मॉलजवळ असू. मुंबईत बायकांच्या शौचालयांसाठी 'राइट टू पी' चळवळ २०११ मध्ये उभी राहिली, ती काही उगीच नाही. तोपर्यंत आमची सोय मॉलमालकांनी केली, त्यांच्या नकळत.

दुसरं, एकटीने बसण्याची जागा. मैत्रिणीची वाट बघत तासभर एकटी मुलगी रस्त्यावर उभी राहिली तर काय काय ऐकावं लागतं! मॉलच्या बाकावर कोणी विचारत नाही. काही विकत न घेता बसणारी गर्दी म्हणजे मॉलवाल्यांची डोकेदुखी असेल, आमच्यासाठी तोच मॉल होता. म्हणून दारावर अट घालणं मला फार लागतं. त्या अटीत फक्त गरीब अडत नाहीत.

खोताची_वाडी | रविवार, सकाळी ९:५०

+१००. हा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता.

एडिसनकर | रविवार, सकाळी १०:२२

इथे न्यू जर्सीत शनिवारची मध्यरात्र, पण धागा वाचून राहवलं नाही.

भाडेपट्टींनी टोकाला अँकर म्हटलंय, त्याचं मूळ सांगतो. बंदिस्त, एसी असलेला पहिला मोठा प्रादेशिक मॉल म्हणजे मिनेसोटातल्या इडायनाचा साउथडेल, १९५६ चा. डेटन्स आणि डोनाल्डसन्स ही दोन एकमेकांची स्पर्धक मोठी दुकानं एका छताखाली आणि मधे झाडं-पिंजरे असलेला चौक. आर्किटेक्ट व्हिक्टर ग्रुएन, नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर १९३८ मध्ये व्हिएन्नाहून पळून आलेला. त्याच्या डोक्यात व्हिएन्नासारखा गावाचा चौक होता. मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाना, तळं असा त्याचा आराखडा होता. प्रत्यक्षात भोवती झालं पार्किंग. म्हातारपणी त्याने या सगळ्या मॉलप्रकरणापासून चक्क हात झटकले आणि व्हिएन्नाला परतला. तर तिथेही गावाबाहेर एक प्रचंड शॉपिंग सेंटर उभं राहिलेलं!

अवांतर: आमच्या जवळच्या पॅरामसला गार्डन स्टेट प्लाझा आहे, १९५७ चा. बर्गन काउंटीत अजून रविवारी कपडे, फर्निचर वगैरे विकायला कायद्याने बंदी आहे. एवढा अवाढव्य मॉल आणि रविवारी बहुतेक दुकानं बंद. तुळशीबागवाली ताईंच्या आजीला आवडला असता.

तुळशीबागवाली | रविवार, सकाळी १०:४१

आजी म्हणाली असती, रविवारच कशाला, दुपारचेही बंद ठेवा.

सीताबर्डी | रविवार, दुपारी १२:१५

अप्पांचं वाचून आमच्या नागपूरचं सांगतो. तुमच्याकडे गिरणीचा मॉल झाला त्याचं इतकं कौतुक, आमची तर एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली, राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, म्हणून ते नाव. १९८६ ला राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ ला बंद पडली. त्या जागेवर एम्प्रेस मॉल. मग २०१९ मध्ये बँक कर्जाच्या प्रकरणात ईडीने मॉलच जप्त केला, ४८३ कोटी किंमत धरून.

म्हणजे बघा ना, गिरणी शंभरावर वर्षं चालली. मॉलला दहा-पंधरा वर्षांत कोर्टकचेरी. माझे आजोबा मिलमध्ये, काका मिलमध्ये. मी मॉलमध्ये पिक्चर बघाले जातो तर आई अजूनही 'मिलमध्ये जाऊन येतो का' असंच म्हणते.

मांडवी_किनारो | रविवार, दुपारी १२:५०

गोव्यात पणजीला काकुलो मॉल, पर्वरीला मॉल द गोवा. पण शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो तोवर मॉलवाल्यांनी फार स्वप्नं बघू नयेत. चोरीस (सॉसेज हो) एसीत घ्यायला मजा नाही.

भाडेपट्टी | रविवार, दुपारी २:०५

बाहेरची_बाई, तुमचा मुद्दा मान्य. फक्त एक सांगतो, धंद्यातल्या शहाण्या लोकांनाही तो उशिरा का होईना कळला. नुसता बसायला आलेला माणूस आज काही घेत नाही, पण त्याची पावलं मोजली जातात, आणि पावलांच्या आकड्यावर पुढच्या दुकानदाराशी भाडं ठरतं. न घेणाऱ्याची गर्दीही विकता येते. १९९९ मध्ये हे आपल्याकडे कोणाला ठाऊक नव्हतं.

अप्पा, तुमच्याशी वाद नाही. जमीन कशी मिळाली हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. मी फक्त चाललेल्या आणि न चाललेल्या मॉलमधला फरक सांगतोय. आणि तो फरक शंभरातल्या नव्वद ठिकाणी एकच असतो: मॉल भाड्याने दिलाय की गाळे विकलेत.

गाळा_नं_शून्य | रविवार, दुपारी ३:३०

भाडेपट्टी, तुम्ही दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. मी गाळे विकलेल्यांतला आहे. म्हणजे विकत घेतलेल्यांतला.

मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात, नाव घेत नाही, २००५ च्या आसपास मॉल उभा राहत होता. बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या पेटीत मॉडेल, त्यात छोटी छोटी माणसं, छोट्या छोट्या पिशव्या. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून दुसऱ्या मजल्यावर एक गाळा घेतला, आपल्या स्वयंपाकघराएवढा. भाडं येईल, म्हातारपण निघेल.

पहिली दोन वर्षं भाडं आलंही. मोबाइल कव्हरवाला होता. मग असं झालं की शेजारच्याने त्याचा गाळा टॅटूवाल्याला दिला, समोरच्याने ज्योतिषाला, त्याच्या पलीकडच्याने क्लासवाल्याला. ज्याचा त्याचा गाळा, ज्याची त्याची मर्जी. गिऱ्हाईक शर्ट घ्यायला वर येणार आणि पहिल्यांदा पत्रिका बघणार? गिऱ्हाईक कमी झालं तसं भाडं बुडलं, भाडं बुडालं तसा लोकांनी मेंटेनन्स थकवला. मेंटेनन्स थकल्यावर आधी एसी बंद, मग सरकता जिना बंद. बंद सरकता जिना चढून बघा कधी, पायऱ्या नेहमीपेक्षा उंच असतात, गुडघे बोलायला लागतात. मग दुसऱ्या मजल्यावर कोण येतंय?

मोठा ब्रँड आणायचा म्हटलं तर त्याला सलग दहा हजार फूट पाहिजे. म्हणजे सत्तर-ऐंशी मालकांच्या सह्या. त्यातले काही दुबईत, काही वारलेले, काहींचे वारस एकमेकांशी बोलत नाहीत. आता माझ्या गाळ्यात एका कुरिअरवाल्याची खोकी असतात. येणाऱ्या भाड्यात मेंटेनन्स कसाबसा भागतो. विकायला काढलाय, हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा (विनोद नाही).

मिरची_भजी | रविवार, दुपारी ३:४२

ज्योतिषाला तेव्हाच विचारायला हवं होतं.

गाळा_नं_शून्य | रविवार, दुपारी ३:५५

विचारलं होतं. त्याने स्वतःचाही गाळा घेतला होता तिथे.

भाडेपट्टी | रविवार, दुपारी ४:२०

अगदी हेच. एकच मालक असला की तो ठरवतो कुठे काय हवं. एखादं दुकान चालत नसेल तर कराराची मुदत संपल्यावर हलवतो, सहा महिने तोट्यात अँकर ठेवतो, सगळा मजला मोडून परत बांधतो. फिनिक्स आणि इनऑर्बिट टिकले ते यामुळे. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या अहवालात ४० टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेल्या मॉलला 'घोस्ट मॉल' धरतात. २०२३ मध्ये देशातल्या आठ बड्या शहरांत असे ६४ होते. ती यादी काढून मालकी तपासली तर गाळे विकलेलेच भरपूर निघतील, असा माझा अंदाज.

आणि हे नुसतं पैशाचं नाही. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये मार्च २०२१ ला आग लागली, वरच्या मजल्यावर कोविडचं रुग्णालय चालू होतं, अकरा माणसं गेली. मालकी शेकडो गाळेधारकांत वाटलेली असली की आग विझवायची यंत्रणा चालू ठेवणं नेमकं कोणाचं काम, हे आग लागल्यावरच विचारलं जातं.

नवा_गडी | रविवार, संध्याकाळी ५:१०

पण मग क्रॉसरोड्सचं काय? तिथे तर गाळे विकले नव्हते, एकच मालक होता ना? तुमच्याच नियमाने टिकायला हवा होता.

ताडदेवचा_तात्या | रविवार, संध्याकाळी ५:१३

शाब्बास रे पठ्ठ्या! मी हेच लिहायला आलो होतो.

भाडेपट्टी | रविवार, संध्याकाळी ६:४०

प्रश्न रास्त. एक मालक असणं गरजेचं आहे, पुरेसं नाही. आकाराचं मी आधी लिहिलं. दुसरं असं की मॉल नवीन मालकाकडे गेला तेव्हा तो मालक स्वतःच किरकोळ विक्रीतला होता. अशा वेळी मॉलमधली मोठी जागा स्वतःच्याच दुकानाला जाते. त्या घरात सगळं चांगलं चाललं असेल तोवर ठीक. फ्यूचर ग्रूपचं काय झालं ते आपण पाहिलं. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सशी २४,७१३ कोटींचा व्यवहार जाहीर झाला, अॅमेझॉनशी कज्जा लागला, २०२२ मध्ये व्यवहार मोडला आणि तोवर दुकानं रिलायन्सच्या ताब्यात गेलेली. बिग बझारच्या जागी स्मार्ट बझारच्या पाट्या लागल्या. भाडेकरू आणि घरमालक एकाच बोटीत असले की वेगवेगळे बुडत नाहीत.

वाणसामान | रविवार, रात्री ८:२५

मंडळी, सगळे १९९९ पासूनच सुरुवात का करताय? फोर्टातलं अकबरअलीज हे डिपार्टमेंट स्टोअर १८९७ चं. अंधेरीचं शॉपर्स स्टॉप १९९१ चं, आणि ते रहेजांचंच, ज्यांनी आता सोबो सेंट्रल घेतलंय. मराठी माणसाचं पहिलं 'आपलं आपण उचलून टोपलीत टाकायचं' दुकान म्हणाल तर अपना बाजार. १९४८ मध्ये नायगावात कामगारांनी सहकारी तत्त्वावर काढलेलं. त्यानंतर १९७५ ची मुंबई ग्राहक पंचायत. आमच्या घरी महिन्याच्या वाटपाचा दिवस असायचा, सगळ्या बायका एका घरी जमून डाळ-तांदूळ मोजायच्या. ना एसी, ना जिना. दारावर अट मात्र तिथेही होती: सभासद व्हा आणि मोजायला हात लावा.

लालबागचे_अप्पा | रविवार, रात्री ९:००

वाणसामान, बरोबर आठवण काढलीत. नायगावच्या अपना बाजारात आमची आई पगाराच्या दुसऱ्या दिवशी जायची. संपाच्या दिवसांत उधारी गल्लीतल्या वाण्याने दिली, हे मात्र सांगितलं पाहिजे. उधारीचं खातं एकाही मॉलने आजवर ठेवलेलं नाही.

मिरची_भजी | रविवार, रात्री ९:०६

ठेवलंय की अप्पा. क्रेडिट कार्ड म्हणतात त्याला. ते दाखवलं की साठ रुपये माफ.

खोताची_वाडी | रविवार, रात्री ९:०८

पन्नास.

बाहेरची_बाई | रविवार, रात्री ९:४५

तात्यांच्या मूळ प्रश्नाकडे येते. भाडेपट्टींचं सगळं पटलं, पण त्या अटीला ते फारच सहज बाजूला सारतात. ती अट संपली नाही, फक्त तिची पाटी निघाली. माझ्या सासऱ्यांना एका मोठ्या मॉलच्या दारावर सुरक्षारक्षकाने पाच मिनिटं उभं केलं होतं, टोपी आणि वहाणा बघून. शेवटी मुलगा आतून आला तेव्हा सोडलं. मॉलचं नाव सांगायची गरज नाही, कुठलाही असू शकला असता. जुलै २०२४ मध्ये बंगळुरूच्या जीटी वर्ल्ड मॉलमध्ये धोतर नेसलेल्या शेतकऱ्याला अडवलं, तिथल्या सरकारने मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. क्रॉसरोड्सला पंचवीस वर्षं झाली होती तोवर.

भाडेपट्टी | रविवार, रात्री १०:२०

ते नाकारत नाही. पण मग तुमचाच पुरावा तात्यांच्या विरुद्ध जातो. अडवणारे मॉल बंद पडले नाहीत, उलट जोरात चालतात. बीकेसीत २०२३ मध्ये जिओ वर्ल्ड प्लाझा उघडला, तिथे पाटी लावायची गरजच नाही. दुकानांची नावं वाचूनच माणूस स्वतःला अडवतो. परळ-कुर्ल्याला शनिवारी गाडी लावायचे पैसे भरून बघा, त्यावर कोणी अग्रलेख लिहीत नाही. क्रॉसरोड्सने तेच उघडपणे केलं, एवढाच त्याचा गुन्हा.

ताडदेवचा_तात्या | रविवार, रात्री १०:५०

म्हणजे अडवण्याने नाही मेला, लहान असण्याने मेला, असं तुमचं म्हणणं. आकडे तुमच्याकडे आहेत, मी वाद घालत नाही. पण फिनिक्सलाही सुरुवातीला फार जागा नव्हती, वाढवत नेली. क्रॉसरोड्सला वाढायला गर्दीचा जो रेटा लागला असता तो त्याने स्वतः घालवला. पहिल्या वर्षात शहराने एवढं प्रेम करावं आणि तुम्ही ओळखपत्र मागावं? मी माझ्या मताला चिकटून आहे.

भाडेपट्टी | रविवार, रात्री ११:०५

चिकटा. फक्त फिनिक्सला वाढायला मागे गिरणीची अख्खी जमीन होती. ताडदेवला मागे काय होतं? सोसायट्या.

लालबागचे_अप्पा | रविवार, रात्री ११:१२

आता कसं बोललात!

गाळा_नं_शून्य | सोमवार, सकाळी ७:५०

रहेजा आता काय करतील तिथे? मॉलच ठेवतील की टॉवर?

भाडेपट्टी | सोमवार, सकाळी ९:१५

हाजी अलीला, कोस्टल रोड शेजारी असताना, दीड लाख फुटांच्या जुन्या मॉलसाठी कोणी ४७६ कोटी देत नाही. जागेसाठी देतो. एवढंच म्हणेन.

नवा_गडी | सोमवार, सकाळी १०:३०

सगळ्यांना धन्यवाद, बरंच कळलं. अवांतर प्रश्न: तिथेच नाक्यावरच्या हिरापन्ना बाजारात फोनचा डिस्प्ले अजून स्वस्तात बदलून मिळतो का?

मिरची_भजी | सोमवार, सकाळी १०:३४

मिळतो. आधी भाव ठरव, मग फोन हातात दे.